बाबांची पासष्टी आणि हातचा महिना

बाबांच्या संध्या सुरक्षा पेन्शनचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या वृद्धांसाठीच्या पेन्शनचा, अर्ज मार्चमध्ये परत आला. फॉर्म कन्नडमध्ये, म्हणून मला वाटलं भाषेतच काहीतरी चुकलं. खानापूरच्या बाजारात शेजाऱ्याकडून शेरा वाचून घेतला: वय पूर्ण नाही. चूक माझीच. 2025 वजा 1960, पासष्ट, एवढंच केलं होतं. या योजनेला 65 वर्षं पुरी लागतात.

मग मराठी शाळेचा दाखला काढला. जन्म 25-8-1960, अर्ज 10-3-2025. वजाबाकी उजवीकडून. 10 मधून 25 जात नाहीत, म्हणून एक महिना हातचा घेतला. तो मार्चच्या आधीचा, म्हणजे फेब्रुवारी, 28 दिवसांचा (मी आधी सवयीने 30 धरले होते). 38 वजा 25, 13 दिवस. महिने उरले 2, त्यातून 8 जात नाहीत. वर्षाचे 12 घेतले, 14 वजा 8, सहा. वर्षं 2024 वजा 1960. म्हणजे 64 वर्षं, 6 महिने, 13 दिवस.

बाबा म्हणाले, "बघ की रे, मी अजून तरुणच हाय!"

25 ऑगस्ट उलटल्यावर तेच कागद पुन्हा दिले. या वेळी घेतले.