जुन्या धाटणीच्या ट्यूब अ‍ॅम्पवर ब्लूज वाजवताय? या चुका टाळा

अमेरिकन कंपनी फेंडरच्या १९५०च्या दशकातल्या ट्वीड डीलक्स या गिटार अ‍ॅम्पचं ५ई३ नावाचं सर्किट कागदाच्या एका पानावर मावतं. गिटारचा क्षीण सिग्नल वाढवणारे दोन प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह म्हणजेच ट्यूब), स्पीकर हलवणारे दोन ६व्ही६ पॉवर व्हॉल्व्ह, एसीचं डीसी करणारा एक रेक्टिफायर, दोन व्हॉल्यूम आणि एकच टोन. मास्टर व्हॉल्यूम नाही, रिव्हर्ब नाही, आवाज स्वच्छ ठेवणारा निगेटिव्ह फीडबॅकही नाही. पुण्यात कुणी त्याचं किट मागवून बांधतं, कुणी परदेशातून येताना तयार अ‍ॅम्प उचलून आणतं, आणि महिनाभरात तक्रार सुरू: "रेकॉर्डवर ऐकू येतो तसा आवाज काही निघत नाही." इतक्या कमी सामानाच्या अ‍ॅम्पमध्ये काहीच झाकलं जात नाही. गिटारचा नॉब, भिंतीतलं व्होल्टेज, रिक्षाने खाल्लेले गचके, सगळं स्पीकरमधून बाहेर येतं. दोष शोधायचा तो आधी तिथे.

जास्त वॅट म्हणजे जास्त मजा नव्हे

१५ वॅटचे ३० केले तर फरक फक्त ३ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. मग कोरेगाव पार्कातल्या छोट्या पबमध्ये ५० वॅटचा अ‍ॅम्प नेऊन काय होतं? मॅनेजर लांबूनच हाताने 'कमी करा' अशी खूण करतो, व्हॉल्यूम दोनवर येतो, पॉवर व्हॉल्व्ह रात्रभर झोपा काढतात आणि सगळा भार पेडलवर पडतो. त्यापेक्षा लहान अ‍ॅम्प घ्या, त्याचा आवाज फुटायच्या बेतात येईपर्यंत व्हॉल्यूम वाढवा, समोर माइक ठेवा आणि बाकीचं साउंडवाल्यावर सोपवा. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून पोटऱ्यांना ऐकवू नका. खुर्चीवर ठेवा किंवा मागे रेलवा, म्हणजे त्याची धार तुमच्याही कानावर येईल.

गिटारचा व्हॉल्यूम कायम दहावर

ही चूक सर्रास दिसते, आणि आवाजाचं सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. या अ‍ॅम्पचा खरा चॅनल स्विच तुमच्या करंगळीपाशी आहे. साथीला पाच-सहा, सोलोला दहा. हलका पिक मारला की स्वच्छ, जोरात मारला की गुरगुर. व्हॉल्व्हचा रेक्टिफायर असेल तर जोरदार आघातावर व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि सूर दबून पुन्हा फुलतो. रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून त्या जागी डायोडचा प्लग लावणारे महाभाग हा फुलोरा तर घालवतातच, शिवाय आतलं व्होल्टेज वाढवून जुन्या कंडेन्सरचं आयुष्य कमी करतात.

वाजवण्यातली चूक म्हणजे ब्लूजच्या आवर्तनातले बाराच्या बारा बार भरून काढणं. ब्लूजचे दिग्गज बी. बी. किंग गाताना सहसा वाजवत नसत. ओळ गायची, मग गिटारने तिला उत्तर द्यायचं. (व्हॉल्व्हची पूजा करणाऱ्यांसाठी: त्यांनी बरीच वर्षं वापरलेला लॅब सीरिज एल५ अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा होता.) बेंड करताना, म्हणजे तार ओढून सूर चढवतानाही घाई नको. ब्लूजमधली ती तिसरी नोट कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी असते. सवाईला मांडी घालून बसलेल्या कानांना ही जागा सापडायला हवी, पण हात तिला थेट शुद्धावर नेऊन टाकतो.

हम कुठून येतो, हे न ओळखता सामान बदलणं

हम, म्हणजे सतत चालणारं 'घूं', ऐकू आलं की लोक आधी नवे व्हॉल्व्ह मागवतात. थांबा. जाड ई तारेवर तिसरा फ्रेट वाजवा. तो जी आहे, ९८ हर्ट्झ. हम त्याच्याशी जवळपास जुळत असेल, किंचित चढा, तर तो १०० हर्ट्झचा, आणि संशय पॉवर सप्लायची वीज सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरवर. त्याच्याही एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ: अर्थ लूप (अर्थिंगला दोन वाटा मिळणं), व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरची वायरिंग किंवा गिटारचा सिंगल कॉइल पिकअप. गिटार हातात धरून जागेवरच गोल फिरा. हम कमीजास्त झाला तर पिकअपच. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही हम तसाच राहिला तर तो व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात किंवा पॉवर सप्लायमध्ये आहे. अमेरिकन व्हिडिओत सांगितलेले सूर इथे लावू नका, त्यांची वीज ६० हर्ट्झची.

हम घालवायला प्लगची अर्थची पिन मात्र कधीही काढू नका. एक हात तारांवर, ओठ माइकला, आणि अ‍ॅम्पला अर्थिंग नाही, यात जीव जाऊ शकतो. नव्या जागी वाजवण्याआधी तारा आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मल्टिमीटर एसीवर ठेवून मोजा. काही व्होल्टच्या वर आकडा आला तर आधी जागेचं अर्थिंग बघायला सांगा.

भिंतीतली वीज

ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा आणि रात्री लोड उतरल्यावर सॉकेटमध्ये २४५ आले, तर आतलं सगळंच ११ टक्क्यांनी चढतं. ६.३ व्होल्टचा हीटर ७ वर जातो. ट्रान्सफॉर्मरवर २४०चा टॅप (वेगळी जोडणी) असेल तर तो वापरा. अमेरिकन अ‍ॅम्पला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच, पण तो व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५०वर जास्त तापतो.

फ्यूज उडाला की त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं बंद करा. दुसराही लगेच उडाला तर व्हॉल्व्हकडे बघा. काचेवरची निळसर झाक बहुधा निरुपद्रवी असते. आतला धातूचा पत्रा लाल होत असेल तर त्याच क्षणी बंद करा, व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणारा बायस गेलाय. आणि हौसेने मागचं पॅनल उघडू नका. बंद अ‍ॅम्पच्या कंडेन्सरमध्येही ४०० व्होल्ट बसलेले असू शकतात. तपकीर गल्लीत सामान मिळेल, दुसरा जीव मिळणार नाही.

स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. स्पीकरला गिटारची केबलही नको.

रिक्षा आणि पावसाळा

कोथरूडहून मुंढव्यापर्यंत स्पीडब्रेकर खात गेलेल्या अ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये सैल होतात. पोचल्यावर, अ‍ॅम्प बंद आणि थंड असताना, दाबून बघा. चालू असताना घंटेसारखा आवाज येत असेल तर पेन्सिलच्या लाकडी टोकाने एकेका प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारा. थोडी टणटण सगळेच करतात. जो शीळ घालत राहतो तो बदला. सुरुवात इनपुटजवळच्या व्हॉल्व्हपासून करा, त्याच्यापुढे आवाज सगळ्यात जास्त वाढवला जातो.

जुलै-ऑगस्टमध्ये जॅक आणि पॉट (नॉबने फिरतो तो भाग) खरखरतात. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. क्लीनर मारूनही नॉब फिरवताना खरखर तशीच राहिली, तर पॉट बदलायच्या आधी त्याच्या मागचा, डीसी अडवणारा कपलिंग कंडेन्सर तपासून घ्या. तो डीसी गळू लागला की नवा पॉटही तसाच खरखरतो.