आजीचा जीवनपट कसा लिहावा

सातारा-सांगली भागात घरातील वडीलधारी बाई गेली की चौकात श्रद्धांजलीचा फलक लागतो आणि त्यावर ‘मनमिळाऊ, कष्टाळू, प्रेमळ’ ही विशेषणे हमखास असतात. आमच्या आजीच्या फलकावरही तीच होती. नुसता फोटो बदलला असता, तर तो गल्लीतील कोणत्याही आजीला चालला असता. तिचे आयुष्य तिचेच म्हणून लक्षात राहावे असे वाटत असेल, तर विशेषणे बाजूला ठेवून तिने काय केले, कुठे केले आणि केव्हा केले हे लिहून काढावे. तेराव्यापासून वर्षश्राद्धापर्यंतचा काळ या कामाला पुरतो.

सुरुवात माहेरापासून करावी. सासरी तिची गोष्ट लग्नाच्या मांडवातून सुरू होते आणि त्याआधीची वर्षे कोणालाच सांगता येत नाहीत. तेराव्याला माहेरची माणसे येतात, तेव्हाच तिच्या धाकट्या भावंडांचे आणि भावजयींचे फोन नंबर लिहून घ्यावेत. लग्नात नाव बदलले असेल, तर पाळण्यातले नाव आधी विचारावे, कारण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये किंवा वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदीत, ती त्याच नावाने सापडण्याची शक्यता असते. जन्माची नोंद गावच्या नमुना नंबर 14 मध्ये, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात त्यात शोधावी; जुनी पाने मोडी लिपीत असली, तर मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो. आधार कार्डावर 1 जानेवारी किंवा शाळेच्या दाखल्यावर 1 जून अशी जन्मतारीख असेल, तर ती बहुधा कोणीतरी सोयीसाठी घातलेली असते, हे ध्यानात ठेवावे. ट्रंकेतल्या एखाद्या कागदावर ‘जिल्हा दक्षिण सातारा’ दिसला, तर ती चूक समजू नये. 1949 मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे असा कागद आपोआप त्या अकरा-बारा वर्षांत बसतो.

त्यानंतर काळाचा सांगाडा उभा करावा, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. जुन्या बायका सन सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. “भूकंपात तुझा बाप पाळण्यात होता,” हे वाक्य ऐकले की 11 डिसेंबर 1967 ची पहाट, कोयनेचा भूकंप, ही तारीख हाती येते आणि तिच्या मागेपुढे इतर बाळंतपणे लावता येतात. पत्री सरकारची, म्हणजे सातारा भागातील इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारची, माणसे घरी भाकरी खाऊन गेली असे कोणी सांगितले, तर तो 1943 ते 1946 चा सुमार. नवे पैसे आले तेव्हा बाजारात आण्यांचा हिशेब चुकत होता, तर 1957. दुष्काळी कामावर खडी फोडली आणि तिथे वाटलेला सुकडी हा पौष्टिक खाऊ खाल्ला, तर 1972 च्या आसपास. कृष्णाकाठच्या घरांना 2005 आणि 2019 चे महापूर आहेतच. एका वहीत डाव्या बाजूला हे सन आणि उजवीकडे आजी तेव्हा कुठे होती, कोण जन्माला आले, कोण गेले, असे मांडत जावे. आमच्या वहीत 1967 आणि 1972 यांच्यामध्ये बराच काळ एक कोरी जागा होती. त्या काळात वाटणी झाली होती आणि म्हणूनच कोणी बोलत नव्हते.

माणसांशी बोलताना “आजी कशी होती?” असे विचारू नये, उत्तरात पुन्हा तीच फलकावरची विशेषणे येतात. जाते कोणत्या भिंतीला होते, पाणी कुठल्या विहिरीवरून यायचे, मिलोच्या (दुष्काळात बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी कशाशी खाल्ल्या, स्वतःचे म्हणून तिच्याकडे किती पैसे असत आणि ती ते कुठे ठेवी, असे विचारावे. थोरल्या जावेला लसूण सोलताना किंवा गहू निवडताना बोलते करावे. हात कामात असले की तोंड मोकळे होते. मोबाईलवर आवाज टिपण्याआधी परवानगी घ्यावी आणि त्याच रात्री त्या फाईलला माणसाचे नाव व तारीख द्यावी. ओव्या आठवत असतील, तर त्या उच्चारासकट उतराव्यात, पुस्तकी मराठीत दुरुस्त करू नयेत. दोघांनी एकच प्रसंग वेगवेगळा सांगितला, तर दोन्ही सांगणाऱ्यांच्या नावांसह लिहावेत. जमिनीचा किंवा सुनेच्या छळाचा विषय निघाला, तर हयात माणसांना आधी मजकूर दाखवावा. मात्र आजीने सोसलेले सोयीसाठी गाळू नये, असे माझे मत आहे.

फोटोंचे काम थोडक्यात उरकते. पुराच्या पाण्याने काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेवरूनच त्याचा फोटो घ्यावा. गटाच्या फोटोत कोण कुठे बसले आहे, ते सांगणारे जिवंत असेपर्यंत लिहून ठेवावे.

शेवटी पंचवीस-तीस पानांचा मजकूर टाईप करून झेरॉक्स काढाव्यात, वर्षश्राद्धाला वाटाव्यात आणि एक प्रत आठवणीने माहेरी पाठवावी. मागे चार कोरी पाने ठेवावीत. आमच्या आजीच्या माहेरी गेलेल्या प्रतीत तिच्या धाकट्या भावाने पेन्सिलीने लिहिले आहे, “अक्काला पोहता येत होते,” आणि ही गोष्ट सासरी एकालाही ठाऊक नव्हती.