डेझी बियांपासून लावताय? मग या चुका टाळा

डेझी म्हणजे इथे मी डायमॉर्फोथेकाबद्दल बोलतेय, पांढरी-केशरी फुलं येणारी आफ्रिकन डेझी. ही मूळची दक्षिण आफ्रिकेतल्या नामाक्वालँडची, तिकडे हिवाळ्यात जेमतेम पाऊस आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा, एवढं डोक्यात ठेवलं ना की निम्म्या चुका होतच नाहीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. गणपती उठले की लोक बी टाकून मोकळे होतात, पण तेव्हा पाऊस गेलेला नसतो आणि मग ऑक्टोबर हीट असतेच. बी रुजायला साधारण 16 ते 21 अंश तापमान लागतं, म्हणून पुणे-नाशिककडे दसरा ते दिवाळीच्या दरम्यान पेरा, मुंबई-कोकणात तर दिवाळी होऊन जाऊ द्या.

पाकीट उघडल्यावर काही बिया चपट्या, कागदासारख्या पंखाच्या आणि काही काडीसारख्या खरबरीत दिसल्या तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, भेसळ नाहीये ती, एकाच फुलात दोन्ही प्रकारचं बी धरतं. मात्र दोन्ही खोल पुरू नका, वर 3 मिलिमीटर माती पुरे. वारा असेल तर चपटं बी उडतं, आधी माती ओली करा मग बी टाका.

रोपं 10-15 दिवसांत दिसतात आणि खरा घोळ इथे सुरू होतो, कारण आता रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं जातं. एक दिवस बघावं तर निम्मी रोपं आडवी, देठ मातीपाशी दोऱ्यासारखा बारीक आणि काळपट. ही बुरशीने होणारी मर आहे, पडलेलं रोप काही परत उभं राहत नाही, ते मातीसकट काढून टाका, बाकीची विरळ करा, ट्रे उन्हा-वाऱ्यात ठेवा आणि वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. जुन्या कुंडीतली माती बियांसाठी वापरूच नका, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडी रेती बेस्ट.

झाड हिरवंगार पण कळी नाही? शेणखत किंवा युरिया जास्त झाला, नाहीतर बाल्कनीत ऊन कमी पडतंय, हिला 6 तास तरी कडक ऊन पाहिजेच. फुलं उमलतच नाहीत अशी तक्रार करणारे बहुतेक ऑफिसवाले असतात, ही फुलं संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी मिटतात, रविवारी दुपारी बघा. सुकलेली फुलं खुडत राहिलात तर नवीन कळ्या येत राहतात. शेंड्यावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आले तर पाण्याचा जोरात फवारा, नाही गेले तर निंबोळी तेल.

आणि मार्चमध्ये झाड वाळायला लागलं की औषधं मारत बसू नका, हंगामी आहे ते, उपटून कंपोस्टमध्ये टाका आणि त्याच कुंडीत भेंडी लावून टाका.