जुन्या कॅलेंडरांचं अमूर्त कोलाज : या चुका टाळा

रद्दीतली कॅलेंडरं, प्रदर्शनांचे कॅटलॉग, दिवाळी अंकांची रंगीत पानं... अमूर्त, म्हणजे ओळखीचा आकार न दिसणाऱ्या, कोलाजसाठी याहून स्वस्त रंग मिळायचे नाहीत. पण कात्री लावण्याआधी कागद नीट बघा. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथल्या मूळ छपाया जुन्या घरांत अजूनही निघतात. भिंग लावा. ठिपके ठरावीक जाळीत बसलेले दिसले तर छपाई ऑफसेटची, खुशाल कापा. ठिपके विस्कळीत, हातानं टाकल्यासारखे दिसले तर आधी जाणकाराला दाखवा.

‘एवढं कापूनही चित्र अमूर्त वाटत नाही’ ही तक्रार सगळ्यात जास्त. बहुतेक वेळा कुठेतरी डोळा, ओठ नाहीतर बोटं शिल्लक असतात. नखाएवढा डोळा राहिला तरी नजर तिथेच अडकते आणि बाकीचे रंग नुसती पार्श्वभूमी होतात. आकृतीच्या कडेकडेनं कापायची सवय (शाळेच्या प्रकल्पवह्यांची देणगी!) आधी मोडा. रविवर्मांच्या लक्ष्मीत आपल्या कामाच्या आहेत त्या साडीच्या चुण्या आणि कमळांमधलं पाणी. गडद-फिक्याचा तो उतार नुसत्या रंगीत कागदात सापडत नाही. पुठ्ठ्यात लहान चौकोनी खिडकी कापा, चित्राचं डोकं खाली येईल असं पान ठेवा, खिडकी त्यावर फिरवा आणि ‘हे कशाचं’ ते सांगता येणार नाही तिथेच खूण करा. सोनेरी दागिने मात्र जपून घ्या, चिमूटभरानंही ओळख पटते.

सगळं रंगीबेरंगी आणि तरीही सपाट दिसतंय? मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. सगळा एकच करडा दिसला तर गडद नाहीतर फिके तुकडे कमी पडलेत.

गुळगुळीत आर्ट पेपर फाडला की एका तुकड्याला पांढरी कड येते, दुसऱ्याला येत नाही. ओढायची दिशा बदलून पाहा. कड हवी की नको ते तुम्ही ठरवा, कागदाला ठरवू देऊ नका.

फुगे आणि सुरकुत्या येतात त्या जास्त गोंदामुळे. ओला कागद पसरतो, वाळताना आकसतो. पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्या, मधून कडांकडे दाबत जा, वर बटर पेपर ठेवून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. पुठ्ठा वाकत असेल तर मागच्या बाजूलाही तेवढाच कागद चिकटवा. घरच्या इंकजेट प्रिंटचा कोपरा आधी ओल्या बोटानं पुसून बघा. रंग सुटला तर ग्लू स्टिक वापरा. पिठाची खळ पावसाळ्यात नकोच, बुरशी धरते आणि कसरही लागते.