जुनी कप-बुरशी तपासताना या चुका टाळा

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठाचं बुरशींचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. त्याचं सांकेतिक नाव ‘सीयूपी’ (CUP). वाचा सलग, कपच होतं! बुरशीतज्ज्ञ इलायस ड्युरँड यांनी शतकापूर्वी जमवलेली कप-बुरशीची, म्हणजे पेल्याच्या आकाराच्या बुरशीची पाकिटं तिथेच आहेत.

असं पाकीट उघडलं की हाती लागतो आक्रसलेला, कुरमुऱ्याहून हलका तुकडा. चिमट्याने ओढलात तर भुगा झालाच म्हणून समजा. आधी खाली पांढरा कागद पसरा. तळाशी पडलेला चुरा झटकून टाकू नका, बीजाणू (बुरशीचे ‘बी’सारखे सूक्ष्म कण) बहुधा त्यातच सापडतात. जुन्या नमुन्यांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड हे विषारी रसायन लावत, तेव्हा हातमोजे हवेतच.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. सार्कोस्किफा या कप-बुरशीचा लालभडक पेला वाळला की फिकट होतो. याच लाल पेल्यांना अमेरिकेत पूर्वी सरसकट ‘कॉक्सिनिया’ म्हणत. बुरशी-अभ्यासक हॅरिंग्टन यांच्या १९९० च्या अभ्यासानंतर पूर्वेकडच्या नमुन्यांना ‘डडलीआय’ आणि ‘ऑस्ट्रियाका’ अशी दोन नावं मिळाली. ताज्या डडलीआयच्या बीजाणूत तेलाचे दोन मोठे थेंब असतात, ऑस्ट्रियाकात बरेच बारीक. इथेच बहुतेकजण फसतात. वाळलेल्या बीजाणूत बारीक थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि पुस्तकातलं चित्र डोक्यात ठेवून आपण बिनधास्त ‘डडलीआय’ लिहून मोकळे होतो. म्हणून बीजाणूंची टोकं बघा: ऑस्ट्रियाकाची बरीचशी चपटी, डडलीआयची गोलसर. आणि दोन-चार नव्हे, पुष्कळ बीजाणू बघा, तेही पिशवीतून (बीजाणू जिच्यात तयार होतात ती सूक्ष्म नळी, अॅस्कस) बाहेर पडलेले, पिकलेले.

इतर बारीक कप-बुरशींत ओळख पटवायला पिशवीच्या टोकाचा आयोडीनमधला रंग बघतात, पण तिथे आयोडीन दगा देतं. काही पिशव्यांचं टोक लुगॉल या आयोडीनच्या साध्या द्रावणात लाल होतं, पण मेल्झरच्या (तेही आयोडीनचंच) द्रावणातलं क्लोरल हायड्रेट तो लाल रंग दाबून टाकतं. मग वहीत ‘प्रतिक्रिया नाही’ अशी नोंद होते. दोन स्लाइड करा: एक नुसत्या लुगॉलची, दुसरी आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून, धुऊन, मग आयोडीनची. लाल होणारं टोक दुसरीत निळं दिसेल.

लेबलावर ‘पेझिझा’ हे जुनं प्रजातीनाम दिसलं म्हणून खोडू नका. त्या काळी त्या नावात निम्मं कप-बुरशीचं जग मावत होतं. नवं नाव, तुमचं नाव आणि तारीख वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. चिठ्ठीही पेन्सिलीने किंवा न फुटणाऱ्या शाईने. जेल पेन नको.