जुनी डिझेल मोटरहोम ॲव्हरेज देत नाही? इंजिन उघडण्याआधी या चुका टाळा

मोटरहोमचं, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीचं, ॲव्हरेज घसरलं की आपण आधी बॉनेट उघडतो. मीही तेच केलं होतं. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल टेस्टिंगला दिले, डिझेल पंप कॅलिब्रेट (नीट जुळवून) करून घेतला, भलंमोठं बिल भरलं आणि गाडी पुन्हा लिटरला साडेसातच! दोष निघाला मागच्या डाव्या चाकात. हँडब्रेकची केबल आतून गंजलेली. लिव्हर खाली टाकला तरी ब्रेकचे लायनर चाकातल्या ड्रमला घासतच होते. म्हणून इथे क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय. इंजिन शेवटी.

आकडाच चुकीचा धरणं

एका टाकीवरून ॲव्हरेज काढू नका. या गाड्यांच्या टाकीत डिझेलला फेस येतो, आणि गाडी जराशी कलती उभी असली तरी दोन-तीन लिटर इकडेतिकडे होतात. शंभर किलोमीटरला 11 लिटर लागले तर ॲव्हरेज 9.1 येतं, फेस बसल्यावर आणखी तीन लिटर मावले की तेच 7.1. गाडी तीच, रस्ता तोच. सपाट जागी, शक्यतो त्याच पंपावर, पंपाची नळी आपोआप बंद होते त्या पहिल्या कटऑफला थांबून टाकी फुल करा आणि निदान हजार किलोमीटरचा हिशोब एकत्र मांडा.

टायरची साइज बदलली असेल तर किलोमीटरचा आकडाही खोटा. टायर मोठे असले की मीटर कमी अंतर दाखवतो. पन्नासेक किलोमीटर जीपीएसशी ताडून पाहा. आणि डिझेलवर चालणारा हीटर मुख्य टाकीलाच जोडलेला असेल तर तो विसरू नका. दोन किलोवॉटचा हीटर पूर्ण जोरात असताना तासाला साधारण पाव लिटर घेतो. थंडीतल्या चार रात्रींचं डिझेल आपण बिचाऱ्या इंजिनाच्या नावावर टाकतो.

कारच्या वेगाने हाकणं

मोटरहोम म्हणजे चाकांवरची भिंत. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 100 वर गेलात की तो सुमारे 56 टक्क्यांनी वाढतो, आणि नुसता वारा कापायला लागणारी ताकद जवळपास दुप्पट होते. फुकटात होणारी सगळ्यात मोठी बचत हीच, आणि नेमकी हीच कुणाला करायची नसते. छतावरच्या रिकाम्या कॅरियरचीही गत तीच: सामान नसताना काढून ठेवा.

वजनाचा बाऊ मात्र थोडा जास्तच होतो. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना त्याचा फरक कमी. चढावर आणि थांबत-थांबत चालताना तो जाणवतो. तरी मुक्कामी पाणी मिळणार असेल तर शंभर लिटरची टाकी, म्हणजे शंभर किलो, काठोकाठ भरून घाट चढायची गरज काय? वापरलेल्या पाण्याची टाकीही निघण्याआधी रिकामी करा.

उतारावर न्यूट्रल करणं ही धोक्याची चूक, वर बचतही नाही. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की जुन्या पंपाचा गव्हर्नरही (डिझेल किती सोडायचं ते ठरवणारा भाग) डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलिंगचं डिझेल पीत राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

चाकांकडे न बघणं

या गाड्या महिनोन् महिने उभ्या असतात, त्यामुळे ब्रेक चिकटण्याचा रोग यांना हमखास. तपासायला यंत्र नको. पंधरा-वीस किलोमीटर चालवा, शेवटी गिअरवरच वेग कमी करत थांबा. प्रत्येक चाकाच्या मधोमध तळहात न टेकवता जवळ न्या. एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांपैकी एक भट्टीसारखं लागलं तर चोर सापडला.

मग बाकीच्या चाकांना अडण्या लावून ते चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. पुढचं चाक घट्ट असेल तर ब्लीडिंग निपल (ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करून बघा. थोडं ब्रेक ऑइल उडून चाक सुटलं तर लाइनमध्ये दाब अडकलाय. एकच चाक धरत असेल तर पहिला संशय आतून फुगलेल्या रबरी होजवर. निपल सोडूनही चाक अडतच असेल तर कॅलिपरचा, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन किंवा पिन जाम.

हवा ‘बघून ठीक वाटते’ यावर जाऊ नका. गाडी भरलेली असताना वजनकाट्यावर प्रत्येक ॲक्सलचं वजन घ्या, टायर कंपनीच्या तक्त्यावरून दाब ठरवा आणि टायर थंड असताना भरा. चालवून तापलेल्या टायरचा वाढलेला दाब बघून हवा सोडणारे पुष्कळ भेटतात. टायर गार झाला की तोच दाब कमी भरतो.

आता इंजिन

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर बघा, मग इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचे होज. जोडाजवळ ताजी तेलकट ओल आणि चढावर सुस्स आवाज येत असेल तर होज फाटलाय किंवा क्लिप ढिली आहे. पिकअपसाठी पंपाचा स्क्रू ‘थोडासा’ फिरवून देणारा मिस्त्री भेटला तर हात जोडा. हवा तेवढीच राहते, धूर आणि सायलेन्सरची उष्णता तेवढी वाढते.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकणं ही जुनी खोड. गाडी तापत नाही, खरंय; पण ती नीट गरमही होत नाही, आणि थंड इंजिन जास्त डिझेल खातं. उतारावर तापमानाचा काटा फार खाली पडत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा जागेवरच नाही. फॅनला व्हिस्कस कपलिंग (गरज असेल तेव्हाच फॅन जोरात फिरवणारा जोड) असेल तर कानही द्या. थंड इंजिन सुरू केल्यावर क्षणभर घरघर ठीक; पण सारखं विमानासारखं घोंघावत असेल तर कपलिंग जाम आहे आणि फॅन विनाकारण ताकद खातोय.

नोझलच्या डोक्यावरच्या, उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या बारीक रिटर्न पाइपांवरून बोट फिरवा. डिझेलचा ओलावा लागला तर पाइप बदला, स्वस्तात सुटाल. एवढं सगळं पाहूनही ॲव्हरेज हलत नसेल तर नोझल खुशाल टेस्टिंगला द्या. फक्त परत बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवेच टाकायला सांगा, आणि काढलेले जुने हातात मागून घ्या.