कम्प्लिशनच्या फाइलमधली झाडं: खड्डा कधी घ्यायचा, कुठे घ्यायचा

"मॅडम, कम्प्लिशनची फाइल तयार आहे, झाडांचंच तेवढं राहिलंय. दोन दिवसांत उरकून टाकू की." दरवर्षी मे महिन्याच्या आसपास असा एक तरी फोन येतोच. कम्प्लिशन म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि त्याच्या फाइलमध्ये परवानगीच्या अटींतली झाडं लावलेली दाखवावी लागतात. मग टेम्पोतून रोपं येतात, नुकतेच बसवलेले पेव्हर ब्लॉक उचकटून फूटभर खड्डे काढले जातात, फोटो निघतात आणि दिवाळीपर्यंत निम्म्या जागी नुसत्या काठ्या उभ्या असतात.

मी सांगलीच्या विश्रामबागेत एका आर्किटेक्टकडे सोळा वर्षं परवानगीच्या फायली सांभाळते. डिप्लोमा सिव्हिलचा. झाडांतलं जे काही कळतं ते आमच्या माळीमामांमुळे आणि माझ्या हातून मेलेल्या रोपांमुळे. सांगली, मिरज, कुपवाडमध्ये ज्यांचं बांधकाम निघणार आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. जेसीबी अजून प्लॉटवर आला नसेल तर फारच उत्तम, कारण निम्मं काम त्याच्या आधीचं आहे.

नकाशा काढायला देण्याआधी टेप घेऊन प्लॉटवर फिरा. प्रत्येक झाडाला रंगाने नंबर घाला आणि वहीत त्याचं नाव, छातीच्या उंचीला खोडाचा घेर, दोन हद्दींपासूनचं अंतर टिपा. खोड आणि अख्खं झाड असे दोन फोटो काढा. ही सगळी झाडं नकाशावर आली पाहिजेत. "कोपऱ्यातली चिंच काय दाखवायची?" म्हणून गाळलेलं झाडच जागा बघायला आलेल्या माणसाच्या नजरेत पहिल्यांदा भरतं, हे मी तीनदा पाहिलंय.

शहरातल्या झाडांना १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. जमीन तुमची असो, झाड तुमच्या आजोबांनी लावलेलं असो, तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि तोडणं म्हणजे फक्त कुऱ्हाड घालणं नव्हे. जाळणं, इजा करणंही त्यातच धरलंय. बुंध्याशी रोज काँक्रीट मिक्सर धुवून झाड 'आपोआप' वाळवणारे आहेत, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

२०२१ च्या दुरुस्तीने यात दोन मोठे बदल झाले. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज वृक्षात गेलं. आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची, तीही बोटभर नाहीत, सहा ते आठ फुटांची, आणि सात वर्षं सांभाळायची. आधीचा 'एकाला दोन' हा हिशेब डोक्यात ठेवून बसलेल्या मालकांना मी आकडा सांगते तेव्हा आधी हसतात.

एका कामात नेमकं हेच झालं. पार्किंगच्या रॅम्पच्या तोंडाशी एक चिंच होती, वय साधारण चाळीस धरलं गेलं. मालक म्हणाले, काढून टाकू. मी कागदावर मांडून दाखवलं. चाळीस रोपं, चाळीस खड्डे, बांबू, माती, पाणी घालणाऱ्या माणसाचा सात वर्षांचा पगार. शिवाय प्लॉटमध्ये चाळीस झाडांना जागाच नव्हती, म्हणजे दुसरीकडे जाऊन लावा. त्यापेक्षा रॅम्प नऊ फूट पूर्वेला सरकवला. त्यात दोन टू-व्हीलरच्या जागा गेल्या, एक कॉलम फिरवावा लागला. आर्किटेक्टसाहेब दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. चिंच अजून आहे.

झाड काढणं खरंच अटळ असेल तर अर्ज, नोटीस, हरकती, पाहणी या सगळ्याला लागणारा वेळ कामाच्या वेळापत्रकात आधीच धरा. जुनं झाड उचलून दुसरीकडे लावणं जमतं, पण मुळं टप्प्याटप्प्याने छाटावी लागतात आणि त्यात महिने जातात. क्रेन बोलावून सकाळी उपटलं, संध्याकाळी लावलं, असली पुनर्लागवड म्हणजे झाडाची अंत्ययात्रा.

नवी झाडं किती, हे शेजारच्या बिल्डरला विचारू नका. तुमच्या बांधकाम परवानगीच्या पत्राला अटींची यादी जोडलेली असते, त्यात तुमचा आकडा असतो. तिथला आकडा, नकाशावर झाडांसाठी काढलेले गोल आणि जागेवर लावलेली झाडं, या तिन्हींचा मेळ बसला की निम्मी कटकट मिटली. वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, तिथे अटींमध्ये साधारण ८० चौरस मीटर जमिनीमागे एक झाड असतं. राज्याची बांधकामाची एकीकृत नियमावली २०२० च्या डिसेंबरात आली. तिच्याप्रमाणे ४,००० चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत एकरभर प्लॉटपासून पुढे दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. बहुतेक झाडं त्या जागेत बसतात असं वाटतं खरं, पण तिथेच मुलांची घसरगुंडी, ट्रान्सफॉर्मर आणि गणपतीचा मंडपही बसवायचा असतो.

म्हणून नकाशावर झाडांचे गोल सगळ्यात शेवटी, रिकाम्या दिसेल त्या जागी टाकू नका. आधी ड्रेनेजची लाईन, चेंबर, सेप्टिक टँक, पाण्याची भूमिगत टाकी आणि विजेच्या केबल एका कागदावर उतरवा आणि त्याच कागदावर झाडं मांडा. उंच इमारत असेल तर अग्निशमनच्या गाडीला फिरायला जो मोकळा पट्टा सोडावा लागतो, त्यात एकही झाड धरू नका. आमच्या एका फाइलला तिथेच सगळी झाडं दाखवली होती. चूक माझीच. दोन खात्यांची दोन पत्रं एकमेकांच्या विरुद्ध हातात घेऊन मी आठवडाभर फिरत होते.

स्लॅबवर बाग करायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी सांगा. मीटरभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला जवळपास दोन टन. "नंतर बघू" म्हणून चालत नाही.

आता मातीचं. सांगलीत झाडं मरतात ती इथे.

२००५, २०१९, २०२१ असे तीन पूर आपण पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून जो तो प्लॉट उंच करतो. तीन-चार फूट मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. इमारतीसाठी ते ठीकच आहे. पण मग त्याच मुरमात फूटभर खड्डा काढून बकुळ लावायची? मामांनी एकदा पहार मारली, ती टणकन वर उडाली. "ताई, ही जमीन न्हवं, रस्ता हाय रस्ता. हितं झाड न्हाई जगायचं," म्हणाले. मी म्हटलं, पाणी घालून बघू. संध्याकाळी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. सकाळी गेलो तर दोन्ही बादल्यांचं पाणी जसंच्या तसं, वर सिमेंटची साय आलेली.

तेव्हापासून ही दोन बादल्यांची परीक्षा आम्ही प्रत्येक साइटवर घेतो. सकाळपर्यंत पाणी जिरलं नाही तर खड्ड्याच्या तळाला पहारीने किंवा ब्रेकरने भोकं पाडायची, मुरमाचा थर फोडून खालच्या मातीपर्यंत जायचं आणि भोकात खडी भरायची. खड्डा तीन बाय तीन बाय तीन फुटांचा. एका खड्ड्याला २७ घनफूट भर लागते, म्हणजे चाळीस खड्ड्यांना जवळजवळ अकरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), त्यातली निम्मी माती. ही माती आणायची कुठून? तुमच्याच पायाच्या खोदाईतून. वरची दीड-दोन फूट काळी माती पहिल्याच दिवशी एका कोपऱ्यात वेगळी टाका, तिच्यावर राडारोडा पडू देऊ नका आणि डंपरवाल्याला देऊ नका. आम्ही एका साइटची माती फुकट घालवली आणि वर्षभराने तसलीच माती पैसे मोजून परत आणली. तोच डंपरवाला होता, असं मामांचं म्हणणं आहे.

निव्वळ काळी मातीही खड्ड्यात भरू नका. पावसाळ्यात ती चिखल धरून बसते आणि एप्रिलमध्ये अशी भेगाळते की हात आत जातो, मुळं तुटतात. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग बारीक मुरूम किंवा कच, वर दोन-तीन मूठ निंबोळी पेंड. प्लास्टरचा चुरा, सिमेंटचे गोळे, टाइल्सचे तुकडे हाताने वेचून काढा. त्यातल्या चुन्याने पानं पिवळी पडतात आणि मग लोक युरिया टाकत बसतात.

कुठलं झाड, यावर माझी मतं जरा कडक आहेत. सखल भागात, जिथे पाणी आठवडाभर साचतं, तिथे करंज, अर्जुन, जांभूळ. कोरड्या, उंच जागेला बहावा आणि कडुनिंब. इमारतीजवळच्या अरुंद पट्ट्याला ताम्हण, बकुळ, कांचन. ताम्हण तर आपलं राज्यफूल, तरी नर्सरीत मागितलं की "ते काय असतं?" म्हणणारे भेटतात. वड, पिंपळ, उंबर मोकळ्या जागेच्या मधोमध लावा, ड्रेनेजपासून आणि कंपाउंडच्या पायापासून लांब. गुलमोहर दिसतो छान, पण फांद्या ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात गाड्यांवर येतात. सप्तपर्णी भरभर वाढते म्हणून लोक रांगा लावतात आणि फुलायला लागली की वासाने खिडक्या बंद करून बसतात. उंच बारीक खोटा अशोक लावून संख्या भरायची हौस असेल तर भरा, त्याची सावली त्याच्या स्वतःच्या बुंध्यावरसुद्धा पडत नाही. पाम मात्र झाडांच्या आकड्यात धरू नका. आमचे बारा पाम पाहणीत मोजलेच नाहीत आणि मोजणाऱ्याचं मला पटलं.

रोपं नर्सरीत स्वतः जाऊन निवडा. सहा-आठ फुटांचं रोप आणि पिशवी वीतभर, असं दिसलं तर घेऊ नका. अशा रोपाची मुळं तळाशी चुंबळीसारखी गोल फिरलेली असतात, ती जमिनीत गेल्यावरही तशीच फिरत राहतात आणि पाच वर्षांनी झाड एका वाऱ्यात आडवं होतं. लावताना पिशवी ब्लेडने उभी कापा (पिशवीसकट पुरलेली रोपं मी उकरून काढली आहेत), चुंबळ बोटांनी सोडवा, जाड वेढे कात्रीने छाटा. पिशवीतली मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एक यावी, बुंधा पुरू नका. बांबू दोन लावा, दोन बाजूंना, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आठाच्या आकारात सैल बांधा. सुतळीने खोड कापतं. भोवती दोन फुटांचं आळं करा आणि त्यात उसाचं पाचट चार बोटं पसरा. पाचटाला आपल्याकडे तोटा नाही, हंगामात नुसतं मागितलं तरी मिळतं. फक्त बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी लागते.

लावायची वेळ जूनचे पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर. कम्प्लिशन मार्चमध्ये धरलं असेल तर झाडं आदल्या जूनमध्येच गेली पाहिजेत, म्हणजे मचाण आणि वाळूचे ढीग असतानाच. गवंड्यांपासून वाचवायला प्रत्येक रोपाभोवती पत्र्याचं नाहीतर जाळीचं कडं करा आणि सुपरवायझरला बजावून ठेवा की आळ्यात थापी धुवायची नाही. तो ऐकत नाही, पण सांगा.

कागदाचं काम त्यामानाने सोपं. नर्सरीची बिलं, झाडांची नंबरवार यादी, अक्षांश-रेखांश दिसणारे फोटो. लावल्या दिवशीचे आणि पुन्हा पाहणीच्या आधीचे असे दोन संच ठेवा, दोन्ही वेळी एकाच कोनातून, मागे इमारतीचा ओळखू येणारा भाग घेऊन. मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावलं तर यादीत तसं लिहा.

आणि पाण्याचा नळ. पार्किंगमध्ये एक नळ देऊन भागत नाही, दीडशे फूट पाइप ओढत कोणीही रोज जात नाही. कंपाउंडच्या कडेने एक इंची लाईन टाकून दर पन्नास फुटांना एक नळ द्या. उन्हाळ्यात प्रत्येक झाडाला चार दिवसांआड एक मोठी बादली, निदान पहिली तीन वर्षं. सोसायटीला ताबा देताना लिफ्टच्या कागदांसोबत झाडांची यादी आणि परवानगीच्या अटींची प्रतही द्या, सही घेऊन. फांदी मोठी तोडायची झाली तरी आधी विचारावं लागतं, हे सेक्रेटरींना तेव्हाच सांगून टाका.

त्या चिंचेच्या सोसायटीतल्या काकांना मी ते सांगायला विसरले होते. गेल्या फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, चिंचा पडून रॅम्पवरच्या गाड्या चिकट होतात, फांदीच उडवू का म्हणून. म्हटलं, फांदीसाठी अर्ज लिहायला मी मदत करते, चिंचा वेचायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. दोन दिवसांनी ऑफिसात किलोभर चिंचा आल्या, अर्ज काही आला नाही.